मॅश टनच्या तळाचा आराखडा काढून दिलात, त्याबद्दल

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

घरी बिअर करणाऱ्या आम्हा मंडळींना तुम्ही मॅश टनच्या (भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवायच्या भांड्याच्या) निचऱ्याचा जो आराखडा काढून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र सगळ्यांसाठी खुलं ठेवतोय, कारण त्या एका कागदावर जे आहे ते आमच्यापुरतंच राहू नये असं वाटतं.

नळी, जाळी, तोटी यांतलं काहीही ठरवण्याआधी तुम्ही एकच विचारलंत: स्पार्ज, म्हणजे चोथ्यात उरलेली साखर गरम पाण्याने धुवून काढणं, कसा करणार? सगळं त्यावरच ठरतं. बॅच स्पार्जमध्ये पाणी एकदम ओतायचं, ढवळायचं आणि सगळं काढून घ्यायचं. ढवळल्यामुळे साखर सगळीकडे सारखी मिसळते, म्हणून पाणी कुठून निघतं याला महत्त्व उरत नाही आणि स्टीलच्या विणीची एक नळीसुद्धा पुरते. (आत तारेचं वेटोळं मात्र घालायलाच हवं, नाहीतर गरम चोथ्याच्या वजनाखाली ती चपटी होते.) सतत पाणी सोडत काढायचं असेल, तर वरून आलेला प्रत्येक थेंब चोथ्यातून सरळ खाली उतरायला हवा. मग तळाची मांडणी मोजूनमापूनच करावी लागते.

मॅश टन म्हणून घेतलेल्या, आतून ५० बाय ३० सेंमी तळ असलेल्या कूलर बॉक्ससाठी तुम्ही लांबीच्या दिशेने ४ नळ्या घेतल्यात. दोन नळ्यांमध्ये साडेसात सेंमी अंतर, आणि कडेची नळी ते भिंत याच्या निम्मं, पावणेचार. हे निम्मं का, ते तुम्ही समजावलंत म्हणून लक्षात राहिलं. प्रत्येक नळी आपल्या दोन्ही बाजूंचं पाणी ओढते. दोन नळ्यांमधली पट्टी दोघींत वाटली जाते, पण भिंतीकडची पट्टी एकट्या नळीच्या वाट्याला येते. शिवाय गुळगुळीत भिंतीला चोथा घट्ट धरत नाही, तिथून पाणी आयतंच घसरतं. नळी भिंतीला खेटली की पाणी कडेकडेने निघून जातं आणि मधल्या चोथ्यातली साखर तिथेच राहते. दोन्ही टोकांच्या आडव्या जोडनळ्यांना एकही चीर पाडू नका, असं तुम्ही लाल शाईत लिहिलंत, तेही यासाठीच. त्या भिंतीलगत असतात.

चिरांची संख्या हा आमचा मोठा घोळ होता, तो तुम्ही दोन ओळींच्या हिशेबात मिटवलात. १५ मिमी बाहेरमापाची तांब्याची नळी आतून साधारण साडेतेरा मिमी असते, म्हणजे वाहायला सुमारे १४५ चौरस मिमी जागा. हॅकसॉने नळीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत पाडलेली, जेमतेम १ मिमी रुंद चीर आतल्या बाजूने १२ ते १३ चौरस मिमी उघडते. म्हणजे बारा चिरांतच अख्ख्या नळीइतकी वाट मोकळी झाली! तरी दर १२ मिमीवर एक चीर पाडायची ती निचरा संपूर्ण तळावर पसरावा म्हणून. वेग चिरांवर ठरतच नाही, तो चोथ्याच्या थरावर ठरतो. थर जितका जाड आणि भरड जितकी बारीक, तितका वेग कमी.

चिरा खाली तोंड करून ठेवायच्या. वर तोंड केलं तर त्यांच्याखालचं वर्ट (धान्यातून उतरलेलं गोड पाणी) तळाशीच राहतं, पातळी चिरांपर्यंत आली की हवा ओढली जाते आणि धार तुटते. खाली केल्यावर चिरा तळाला टेकून बंद होतील, ही भीती तुम्ही टी जोडावर बोट ठेवून घालवलीत. जोड नळीपेक्षा जाड असतो, त्यामुळे नळी आपोआप मिलिमीटरभर अधांतरी राहते, आणि द्रवाला तेवढी फट पुरते. करवतीने आत वळलेल्या धातूच्या कुसळांबद्दलही तुम्ही बजावलंत. गोल कानसीने ती काढली नाहीत तर टरफलं तिथेच अडकून बसतात.

तळातले जोड डाख न देता नुसते दाबून बसवायचे, म्हणजे धुवायला सगळं सुटं होतं. तिथे थोडं झिरपलं तरी आत वर्टच येणार. पण तोटीसाठी भिंतीत पाडलेलं भोक तळापासून तीन-चार सेंमी वर असतं. पातळी त्याखाली गेली की पुढचं सगळं सायफनवर चालतं, म्हणून भोकाजवळचा जोड हवाबंद लागतो. तिथे आटे, टेफ्लॉन टेप आणि दोन्ही बाजूंना फूड ग्रेड सिलिकॉनचे वॉशर. अर्धा इंची बीएसपी आणि एनपीटी (आट्यांच्या ब्रिटिश आणि अमेरिकी जाती) दोन्हींत इंचाला १४ आटे, त्यामुळे ते एकमेकांत फिरतात आणि बसल्यासारखे वाटतात. पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. ते गळणारच. हे तुम्ही आधी सांगितलंत म्हणून सगळे जोड एकाच जातीचे घेतले गेले.

साध्या पीव्हीसीला तुम्ही ठाम नकार दिलात, तोही योग्यच. ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते मऊ पडतं, आणि मॅश (धान्य आणि गरम पाण्याचं मिश्रण) ६५ ते ६८ अंशांवर चालतो, स्पार्जचं पाणी ७६ च्या आसपास असतं.

चालवण्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत, त्याचं मोल आराखड्याइतकंच आहे. तोटी आधी पावच उघडायची. पहिले ३-४ लिटर वर्ट पिठूळ, गढूळ येतं. ते एका ताटलीवरून हळूच परत वर सोडायचं, म्हणजे थराला खड्डा पडत नाही. तोटीला जोडलेल्या पारदर्शक नळीत कोंड्याचे कण दिसायचे थांबले आणि धार निवळ झाली की समजायचं, टरफलांनी आपली चाळणी रचली. त्यानंतर २० लिटरला ५० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४०० मिली. घाई करून तोटी पूर्ण उघडली तर थर खाली ओढला जाऊन गच्च बसतो आणि धार थेंबांवर येते.

तसं झालंच तर तुमचा क्रम असा: तोटी बंद करून धार थांबवायची, मग ती पुन्हा उघडून तिच्यातूनच उलट दिशेने थोडं गरम पाणी आत सोडून थर उचलायचा. तरी नाही सुटलं तर ढवळायचं, दहा मिनिटं बसू द्यायचं आणि गढूळ वर्ट पुन्हा फिरवायचं. मॅश गार झाला असेल तर गरम पाणी आधी, कारण गार वर्ट घट्ट असतं. गहू किंवा राय जास्त असेल तर धान्याच्या ५ टक्के भाताचं तूस सुरुवातीलाच मिसळायचं. गव्हाला टरफल नसतं, चाळणी रचायला काहीतरी द्यावंच लागतं.

आराखड्यात एका गोष्टीची भर घातली आहे, ती तुम्ही तपासून द्यावी. मॅश टनमध्ये नुसतं पाणी भरून तोटीतून सगळं जाऊ द्यायचं, मागे उरलेलं मापट्यात मोजायचं आणि तो आकडा मार्करने झाकणावर लिहायचा. चोथा किलोमागे साधारण १ लिटर पाणी धरून ठेवतो, त्यात हा आकडा मिळवला की स्पार्जचं पाणी किती घ्यायचं ते नेमकं काढता येतं. पाणी सोडताना मॅश टन तोटीकडे थोडा कलता ठेवावा की सपाट, एवढंच कागदावर लिहून पाठवा.

तुमचे,
तुमच्या आराखड्यावर नळ्या कापणारे आम्ही सगळे