बाबांची शाल

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई तुला रडू येतं आणि माझं बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहितेय. आधी तेच सांगून टाकते. मी कंपनीला हो म्हटलंय. अजून तीन वर्षं. शुक्रवारी सही केली, तुम्हाला न विचारता, कारण विचारलं असतं तर बाबा "तुझं तू बघ" म्हणाले असते आणि मला ते ऐकवलं नसतं.

सही केल्यावर घरात करमेना, म्हणून रविवारी फ्रीमाँटला जाऊन आले, टोलेडोपासून गाडीने तासभर पण नाही. तिथे रदरफोर्ड हेजचं घर आहे, अमेरिकेचा १९वा प्रेसिडेंट. बाबा, तुमच्याच धंद्यातला. सिनसिनाटीत वकिली करायचा, पळून आलेल्या गुलामांच्या केसेस लढायचा, मग इथल्या यादवी युद्धात गेला, गुलामगिरीविरुद्धच्या उत्तरेकडच्या बाजूने. वडील हा जन्मायच्या आधीच गेलेले, मोठा भाऊ लहानपणीच बुडाला, त्यामुळे आईने ह्याला पदराखालून सोडलंच नाही. आई, मला तुझं "विहिरीकडे फिरकलीस तर बघ" आठवलं.

सप्टेंबर १८६२ मध्ये साउथ माउंटनच्या लढाईत त्याच्या डाव्या हाताला गोळी लागली, कोपराच्या वर हाड मोडलं. तेव्हा असले हात सरळ कापायचे. पण रेजिमेंटचा डॉक्टर म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ, हात वाचला. बायको ल्युसी इकडे ओहायोत. तिला तार मिळाली ती वॉशिंग्टनहून आलेली, म्हणून ती तिकडे धावली, एकेक हॉस्पिटल पालथं घातलं आणि हा कुठेच नाही! हा मेरीलँडमध्ये मिडलटाऊनला कुणाच्या तरी घरी पडलेला. शेवटी त्याच्याच रेजिमेंटचे जखमी शिपाई भेटले, त्यांच्याकडून कळलं.

हे वाचता वाचता मला तुमचा इतका राग आला ना. त्या बाईला निदान तार तरी गेली. तुम्ही अकरा दिवस लपवलंत. बाबा, मे महिन्यात शाल पांघरून कोण बसतं व्हिडिओ कॉलवर? शाल सरकली तेव्हा प्लास्टर दिसलं, आणि आई तू लगेच कॅमेरा तुळशीकडे फिरवलास. काकांच्या वेळीही हेच केलंत. पुन्हा करायचं नाही.

अजून एक. निवडणुकीआधीच हेज म्हणालेला की एकच टर्म, आणि खरंच १८८१ मध्ये गपचूप घरी परतला. मी दोन वर्षं म्हणाले होते, आता सहावं चालू आहे. खूप लागलं ते. पण बाबा, तो काही अगदी धुतल्या तांदळाचा नव्हता हां. १८७६ ची ती निवडणूक, विरोधकाला अडीच लाख मतं जास्त, तरी वादाचा निकाल लावायला नेमलेल्या कमिशनने ८ विरुद्ध ७ ने ह्याच्या बाजूने कौल दिला आणि इथे प्रेसिडेंट ठरवणाऱ्या राज्यवार इलेक्टोरल मतांत हा १८५-१८४ ने जिंकला. मग दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं आणि ज्या काळ्या माणसांसाठी लढाई केली त्यांना वाऱ्यावर सोडलं. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाहीये. बरं, थोडं सांगतेय. पण लोन संपायला तीनच वर्षं उरलीत, आत्ता सोडलं तर सगळंच अर्धवट राहील, आणि तिथे येऊन लगेच नोकरी मिळेल असंही नाही.

माझी काळजी करू नका. ज्वारीचं पीठ मिळतं, कुकरची रिंग बदलली, हीटर नीट आहे.

आता तुमचं. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना दांड्या बसवायला माणूस गुरुवारी येईल, त्याला "नंतर ये" म्हणायचं नाही. मावशी आता दिवसभर राहतील, पैसे मी देतेय, त्यांनी केलेल्या भाजीला नावं ठेवायची नाहीत. आई, गुडघ्याची गोळी जेवल्यावर, उपाशीपोटी नाही.

आणि वाडा सोडून फ्लॅटमध्ये चला, हे मी आता म्हणणार नाही. १८९३ च्या जानेवारीत हेजला क्लीव्हलँडच्या स्टेशनवर हार्ट अटॅक आला, सगळे थांब म्हणत होते, पण मला घरीच न्या म्हणून हटून बसला, आणि घरीच प्राण सोडला. त्याच्या लढाईतल्या घोड्यालाही त्याच आवारात पुरलंय, ओल्ड व्हायटी, वर दगड आहे. मला पेरूखालचा मोत्या आठवला.

नोव्हेंबरची तिकिटं काढलीत, तीन आठवडे. बाबा, तोवर झोपाळ्याची कडी डाव्या हाताने धरायची नाही. आई, ती शाल धुऊन ट्रंकेत ठेव.

तुमची,
छकुली