वणव्याचा निधी गावापर्यंत यावा

संपादक महोदय,

होळीच्या आसपास बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या डोंगरांवर रात्री लाल रेघ दिसू लागते. जांबोटी, कणकुंबी भागात काजू मोहोरलेला असतो आणि रानात पाचोळा वाळून पडलेला. आग लागली की सगळ्यात आधी धावतात ती गावची पोरं, हातात ओल्या डहाळ्या घेऊन. गवतातली ज्वाला झोडपून विझते. पण जुना बुंधा आतून धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या वाऱ्याला पुन्हा पेटतो. त्यावर रात्रभर पहारा लागतो, पाणी वाहून न्यावं लागतं. हे सगळं पदरमोड करून का?

वणवे रोखण्यासाठी केंद्राची स्वतंत्र योजना २०१७-१८ पासून आहे. कर्नाटकात तिचा ६० टक्के भार केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलतं. उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना मोबाईलवर येते, ही सोय चांगलीच. पण डोंगर शेवटी माणसानेच चढायचा आहे. म्हणून या निधीतला ठरावीक हिस्सा गावच्या वनसमित्यांना थेट द्यावा, आणि तोही डिसेंबरच्या आत. उन्हं तापल्यावर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच गवत जाळून केलेला मोकळा पट्टा, काढणं म्हणजे जिवाशी खेळ. त्या पैशातून मजुरी, पाठीवरचे पंप, जाड बूट आणि आग विझवणाऱ्यांचा विमा व्हावा. अर्ज कन्नडबरोबर मराठीतही मिळावेत. भीमगड अभयारण्याच्या कडेच्या कित्येक वाड्यांत ते भरणारी माणसं मराठी आहेत.

— एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)