पदवी मिळाली, पण कशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीपत्रावर विषयाचं नाव छापावं की छापू नये, यावर आपल्या पत्रांच्या पानात सध्या वाद चालू आहे. एका निवृत्त प्राध्यापकांनी लिहिलं की पदवी ही माणसाच्या एकूण शिक्षणाची खूण आहे, तिला विषयाची चिठ्ठी कशाला चिकटवायची? वाचायला बरं वाटलं. मी शिकवणाऱ्यांपैकी नाही. मुंबईतल्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन निवृत्त झालो. वर्गात काय होतं ते सरांनी सांगावं. पदवी हातात पडल्यावर ऑफिसच्या खिडकीशी काय होतं, ते मी सांगतो.

माजी विद्यार्थी आमच्याकडे नाना कामांसाठी येत. त्यातलं एक पत्र इतकं ठरलेलं होतं की त्याचा मजकूर मला अजून तोंडपाठ आहे. कॉलेजचं लेटरहेड, वर जावक क्रमांक, खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. मध्ये एकच वाक्य: 'दाखला देण्यात येतो की, सदर विद्यार्थिनीने तृतीय वर्ष कला शाखेस इतिहास हा मुख्य विषय घेऊन पदवी परीक्षा उत्तीर्ण केली आहे.' झालं. जे पदवीनेच सांगायला हवं होतं ते सांगायला दुसरा कागद. त्या कागदासाठी अर्ज, अर्जावर शेरा, पावती, मग जनरल रजिस्टरमध्ये नाव शोधणं, आणि बॅच जुनी असली तर रेकॉर्ड रूममधून लेजर, म्हणजे निकालांची जुनी नोंदवही, काढणं. प्राचार्य मीटिंगला गेलेले असले तर 'उद्या या'.

माझ्या टेबलावरून गेलेल्या बी.ए., बी.एस्सी.च्या पदवीपत्रांत पुष्कळशी अशी होती की त्यांवर नाव, कॉलेज, वर्ष, श्रेणी सगळं असे. विषय मात्र नसे. इंजिनिअरच्या कागदावर मेकॅनिकल की सिव्हिल ते लिहिलेलं असायचं. कलाशाखेचा माणूस नुसताच 'बॅचलर ऑफ आर्ट्स'. मुंबईबाहेरच्या वाचकांना सांगतो, आमच्याकडे तेव्हा टी.वाय.ला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, सहाही पेपर एका विषयाचे घेतले की तो तुमचा मुख्य विषय, आणि तीन-तीन घेतले की दोन विषय. सायन्सला पेपराऐवजी युनिट म्हणत. म्हणजे एकीने अर्थशास्त्राचे सहा पेपर दिले, दुसरीने मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे तीन-तीन, आणि दोघींच्या हातात शब्दशः एकच कागद. फरक फक्त मार्कशीटला ठाऊक.

सर म्हणतील, मग मार्कशीट दाखवावी. दाखवतातच ना, असली तर! २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर कित्येक महिने कुर्ला, कलिना, साकीनाका या भागांतून मुलं लगदा झालेली मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेऊन येत होती. मिठी नदीकाठच्या घरात कागदपत्रं पलंगाखालच्या ट्रंकेत असतात आणि पाणी पहिल्यांदा तिथेच शिरतं. गंमत अशी की पदवीपत्र बऱ्याच जणांचं वाचलेलं असे, कारण ते आईबापांनी फ्रेम करून भिंतीवर लावलेलं. काही जणांनी लॅमिनेट केलेलं. (लॅमिनेशन करू नका असं आम्ही सांगून थकलो. पुढे साक्षांकनाचा शिक्का मारायला जागाच राहत नाही.) भिंतीवरचा तो एकमेव शाबूत कागद मुलगा कशात शिकला ते सांगत नव्हता.

आमच्याकडून इतिहास घेऊन पास झालेली एक मुलगी लग्नानंतर सिंधुदुर्गात गेली आणि तिथून शिक्षकभरतीसाठी कागदपत्र पडताळणीला बसली. शाळांतल्या जागा विषयवार असतात. शिक्षकभरतीच्या सरकारी 'पवित्र' पोर्टलवर अर्ज भरतानाही पदवीचा विषय विचारतात. पडताळणीच्या टेबलावरच्या बाईंनी पदवीपत्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, 'यात इतिहास कुठे आहे?' तिसऱ्या वर्षाची मार्कशीट माहेरी घर बदलताना हरवलेली. दुसरी प्रत निघेपर्यंत मुदत संपली असती, म्हणून ती तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरून, कडेवर मूल घेऊन, ऑफिस उघडायच्या आत आमच्या दारात उभी. तिचं काम झालं, कारण लेजर सापडलं आणि प्राचार्य जागेवर होते. दोन्हींपैकी एक जरी नसतं तरी तिच्या एकूण शिक्षणाच्या त्या थोर खुणेचा तिला काडीचा उपयोग नव्हता. टेबलावरच्या बाईंना मी दोष देणार नाही. जे कागदावर नाही ते त्यांनी मानावं तरी कसं?

आखातात जाणाऱ्यांचं तेच. रसायनशास्त्राचा बी.एस्सी. मुलगा प्रयोगशाळेतल्या कामासाठी निवडला जातो आणि एजंट सांगतो की पदवीवर 'केमिस्ट्री' दिसत नाही, कॉलेजचं पत्र आणा, मग त्या पत्रावर मंत्रालयातून शिक्का आणा. एका शब्दासाठी शिक्क्यांची माळ.

आता कागदपत्रं मोबाइलवर दाखवणारं सरकारी डिजिलॉकर आलं, असं माझा भाचा सांगतो. उत्तम आहे. नव्या मुलांचा त्रास त्याने नक्कीच कमी होईल. पण आमच्या लेजरमधली १९८५ची बॅच त्यात कोण भरणार? आणि मार्कशीट मोबाइलमध्ये असली तरी समोरचा आधी पदवीच मागतो, हे कोणत्याही खिडकीशी उभं राहून बघा.

विरोधी पत्रांतला एक मुद्दा मात्र मी सहज उडवून लावणार नाही. विषय छापला की मराठी किंवा तत्त्वज्ञान घेणाऱ्याला पहिल्या नजरेतच बाजूला सारतील, नुसतं बी.ए. असेल तर निदान मुलाखतीपर्यंत तरी पोचता येतं, असं एका बाईंनी लिहिलं आहे. हे खरं आहे. 'मराठी घेऊन काय केलंत?' हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो तो सूर मी माझ्या घरातही ऐकला आहे. माझी मुलगी मराठीची एम.ए. आहे. पण ज्या ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे एमपीएससीची राज्यसेवा किंवा बँकांच्या परीक्षा, तिथे निवड परीक्षेच्या गुणांवर होते, पदवीवरच्या ओळीने कुणाचे गुण कमी होत नाहीत. खासगी कंपनीत अर्जाच्या पहिल्याच पानावर विषय विचारतात. म्हणजे आकस धरणाऱ्याला माहिती मिळतेच. अडतो तो फक्त ज्याला विषय सिद्ध करायचा आहे तो. माझ्या मुलीचं मत बापापेक्षा कडक आहे. ती म्हणते, 'बाबा, मी जे पाच वर्षं शिकले ते लपवल्यामुळे नोकरी मिळणार असेल, तर विद्यापीठानेच त्याची लाज बाळगली असं होईल.'

पूर्वी नुसतं 'बी.ए.' पुरत होतं, ही गोष्ट मान्य. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. त्याचे पहिले बी.ए. १८६२ मध्ये झाले, ते चार जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चार पदवीधरांना कोण विचारणार की तुमचा विषय काय! केंब्रिजला तर आजही गणितवाल्याला आणि भौतिकशास्त्रवाल्याला आधी बी.ए.च देतात. त्यावर आपल्या लोकांनी काय तोड काढली ते पाहा. र. पु. परांजपे १८९९ मध्ये तिथे गणितात पहिले आले, तर महाराष्ट्राने त्यांच्या नावामागे बी.ए. न लावता जन्मभर 'रँग्लर' (तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला वर्ग मिळवणारा) लावलं, कारण त्यात गणित आलं आणि पहिला वर्गही आला. माणूस कशात तयार आहे हे लोकांना हवंच असतं. पदवी सांगत नसेल तर ते दुसरीकडून काढून घेतात.

मला खरी चीड येते ती आणखी एका गोष्टीची. विनाअनुदानित अभ्यासक्रम आले तेव्हा बी.कॉम.पुढे कंस आला: अकाउंटिंग अँड फायनान्स, बँकिंग अँड इन्शुरन्स, फायनान्शियल मार्केट्स. म्हणजे कंसात विषय लिहायला कुणाचीच हरकत नव्हती. जास्त फी भरणाऱ्याला तो कंस मिळाला. त्याच इमारतीत, त्याच जिन्याने चढून अर्थशास्त्राचे सहा पेपर देणारी अनुदानित तुकडीतली मुलगी बिनकंसाची राहिली.

जागा नाही, असंही कुणी म्हणू नये. २०१७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) विद्यापीठांना कळवलं होतं की पदवीपत्रावर विद्यार्थ्याचा फोटो आणि आधार क्रमांकासारखी ओळख असावी, शिक्षण नियमित की दूरस्थ तेही असावं. पुढे २०२३ मध्ये आधार क्रमांक छापू नका असं त्यांनीच सांगितलं, ते बरंच झालं. सांगायचं इतकंच की चेहरा, क्रमांक, शिक्षणाची पद्धत, सगळ्याचा विचार झाला, आणि मूल काय शिकलं ते राहिलं.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण नवीन शैक्षणिक धोरण. आपल्याकडे संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ च्या पहिल्या वर्षापासून लागू झालं. तीन वर्षांनी बाहेर पडणारी त्यांची पहिली तुकडी २०२७ मध्ये पदवी घेईल. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्याचे पेपर, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. पूर्वी मार्कशीट बघून मी अर्ध्या मिनिटात विषय सांगत असे. आता सहा सत्रांच्या मार्कशीट पुढे ठेवल्या तर निम्म्या खिडक्यांवरच्या लोकांना मेजर कुठला हेच कळणार नाही. विज्ञानाच्या मुलाने बाहेरच्या शाखेचे पेपर घेतलेले असणार, ती तर या धोरणाची मुख्य कल्पनाच आहे. अशा वेळी पदवीवर एक ओळ नसली तर विषयाच्या दाखल्याची रांग आमच्या काळापेक्षा लांब होईल, आणि ती सांभाळायला आता ऑफिसात माणसंही नाहीत. रिकाम्या जागा कित्येक ठिकाणी भरलेल्या नाहीत, कंत्राटी मुलाला लेजर कशाला म्हणतात ते आधी शिकवावं लागतं.

माझी मागणी मोठी नाही. पदवीच्या नावाखाली एक ओळ: मुख्य विषय. तीन-तीनसारखे दोन असतील तर दोन्ही. मायनर, क्रेडिट, इलेक्टिव्ह यांची जंत्री तिथे नको, ती मार्कशीटवर राहू द्या. नाहीतर कागदाचं रेल्वेचं वेळापत्रक होईल. मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असावा. जुन्या पदवीधरांपैकी ज्याला हवं त्याला रेकॉर्ड तपासून नव्या नमुन्यातली प्रत द्यावी, आणि तिची फी दुसऱ्या प्रतीच्या फीपेक्षा जास्त नसावी. ज्याला विषय नको आहे त्याने जुना कागद ठेवावा, सक्ती कुणावर नाही. विरोध करणाऱ्या बाईंनाही याला हरकत नसावी.

विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात. निवडणुकीच्या वेळी ते आमच्या चाळींतून, सोसायट्यांतून मतं मागत फिरतात, वसतिगृहं आणि निकालांबद्दल बोलतात. त्यांच्यापैकी कुणाला हा ठराव मांडायचा असेल तर मसुदा मी लिहून देतो. जावक क्रमांक तेवढा त्यांनी घालावा.

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक
लालबाग, मुंबई
(नाव छापू नये, ही विनंती.)