लस घेऊनही फ्लू का होतो?

महोदय,

माझ्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, आहे. चार पायऱ्या चढल्या की कठडा धरून थांबावं लागतं. गेल्या वर्षी लस घेऊनही त्यांना फ्लू झाला आणि ‘लसीचा काही उपयोग नाही’ असं घरात सगळेच म्हणू लागले. मला ते पटत नाही. उतारवय, फुफ्फुसांचं जुनं दुखणं, त्यात अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या. अशा शरीरात लसीनंतर प्रतिपिंडं (विषाणूशी लढणारी प्रथिनं) कमी तयार होऊ शकतात. तयार व्हायलाही साधारण दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ती ओसरू लागतात. शिवाय विषाणू रूप बदलतो. म्हणूनच लसीत कोणते प्रकार असावेत, हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, सुचवते. गेल्या वर्षीच्या लसीवर यंदा विसंबून कसं चालेल?

पण प्रतिसाद कमी म्हणजे शून्य नव्हे. सीओपीडीच्या रुग्णांचा दम अचानक बळावण्याचे प्रसंग लसीमुळे कमी होतात. ६५ वर्षांवरच्यांसाठी जास्त मात्रेची लसही निघाली आहे. डॉक्टर दर भेटीत श्वासातून घ्यायच्या औषधाचा ‘पंप कसा ओढता, दाखवा’ म्हणतात, तसंच त्यांनी लसीचंही आवर्जून विचारावं. घरातल्या धडधाकट माणसांनीही ती टोचून घ्यावी. आम्ही चौघांनी यंदा घेतली.

– एक वाचक