कोंड्याचा मांडा करायला शिकवणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. फुकट शिधा वाटतात त्या टेबलाशी शेवटच्या खुर्चीत बसणाऱ्या, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधणाऱ्या काकू म्हटलं, की ओळखणारे ओळखतील.

नोकरी गेल्यावर पहिल्यांदा शिधा न्यायला आलो तेव्हा मान वर करवत नव्हती. घरी येऊन पिशवी ओट्यावर रिकामी केली. तांदूळ, सुका राजमा, राजम्याचेच दोन डबे, दूधपावडर, लोळागोळा झालेली गाजरं, शिळा पाव आणि बिटाचा एक डबा. यातल्या कुठल्याच दोन जिनसांचं आपसात पटत नव्हतं. पाककृती बघावी तर दहा जिनसा मागणार आणि घरात त्यातल्या तीन.

पुढच्या आठवड्यात मी तुमच्याकडे कुरकुरत आलो. तीन तास गॅस जाळला, तरी राजमा खड्यासारखा! तुम्ही एवढंच विचारलंत, "टोमॅटो कधी घातलास?" सुरुवातीलाच, म्हटलं. "मग कसा शिजेल रे? आंबट लागलं की दाणा हटून बसतो." हसलात, पण मला लाज वाटेल असं हसला नाहीत. मग एका खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहून दिलंत: रात्रभर भिजव, ते पाणी ओतून दे, नव्या पाण्यात निदान १० मिनिटं खळाखळा उकळू दे, मग आच कमी कर, दाणा बोटाने चिरडला की टोमॅटो. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य नुसत्या मंद आचेवर जात नाही, उलट्या होतात, हेही तेव्हाच कळलं. डब्यातला आधीच शिजलेला असतो, त्याला ही भीती नाही. तो नुसता धुऊन घ्यायचा, मीठ बरंच निघून जातं. तो पुठ्ठा अजून आमच्या फ्रिजवर आहे, तेलाच्या डागांसकट.

त्यानंतर दर शनिवारी तुम्ही आधी विचारायचात, "घरात काय उरलंय?" काय करायचंय, असं कधीच नाही. तिथून माझं डोकं फिरलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. मऊ गाजरं तासभर गार पाण्यात टाकली की पुन्हा कडक होतात. पावावर पाण्याचा हबका मारून गरम केला की तो ताज्यासारखा लागतो, पण लगेच खायचा, गार झाला की पुन्हा वातड. मूठभर राजमा ठेचून रश्श्यात घातला की दाटपणा येतो, सायीची आठवण होत नाही. आणि कांदा! मी त्याला पाच मिनिटांत उरकायचो. तुम्ही मंद आचेवर अर्धा तास परतायला लावलात. सगळ्यात स्वस्त जिन्नस, आणि अख्ख्या जेवणाची चव त्याच्यावर उभी. पहिल्यांदा तो तपकिरी, गोडसर झाला तेव्हा धाकटी अभ्यास सोडून स्वयंपाकघरात आली, "आज कोण येणार आहे?"

एका बाबतीत मात्र तुम्ही फार कडक. "अमुक तारखेपर्यंत उत्तम" लिहिलेलं नंतरही चालतं, कारण ती चवीची तारीख. "अमुक तारखेपर्यंत वापरा" असेल तर ती ओलांडायची नाही. फुगलेला डबा उघडायचासुद्धा नाही. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये, रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. रांगेत कुणीतरी म्हणालं, फुकटच्याला एवढे नखरे कशाला. तुम्ही ताडकन म्हणालात, "फुकट खाणाऱ्याचं पोट वेगळं असतं का?" त्या दिवशी माझी मान वर झाली, काकू. आभार खरं तर त्या वाक्याचे मानायचे आहेत.

आता काम मिळालंय, पुढच्या महिन्यापासून पिशवी लागणार नाही. शनिवारी येईन तो टेबलाच्या तुमच्या बाजूला बसायला. येताना तो बिटाचा डबा आणतो. त्याचं काय करायचं ते मला अजूनही सुचलेलं नाही.

तुमचा,
राजमावाला