कॉन्टेसाला व्ही-एट का नको

सोलापूर,
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुध्या,

तुझं पत्र आणि डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरच्या गाड्यांचे फोटो मिळाले. त्या लाल जीटीओला, पाँटियॅकच्या त्या मसल कारला, टेकून असा उभा आहेस की आरसी तुझ्याच नावावर असावी. बाबांनी चष्मा लावून फोटो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "पत्रा चांगला मारलाय." एवढंच. मिलमध्ये आयुष्यभर फिटर राहिलेल्या माणसाकडून याहून मोठी पावती मिळत नसते, हे तुला माहीत आहेच.

आता तुझा प्रश्न. "कॉन्टेसात व्ही-एट कधी टाकतोस बे?" तर तुमच्याकडचं ते आठ सिलिंडरचं इंजिन मी टाकत नाही. का टाकत नाही ते सविस्तर लिहितो, म्हणजे दर फोनला तेच विचारणार नाहीस.

आधी तिची पत्रिका बघ. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ पासून ही गाडी काढली, पण अंग मूळचं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं, १९७२ साली आलेल्या एफई मॉडेलचं. व्हॉक्सहॉल १९२५ पासून जनरल मोटर्सच्या ताब्यात होती. म्हणून तर ते लांब बॉनेट, कमरेत किंचित आत घेतलेला पत्रा आणि ती पुढून दिसणारी गुर्मी. तुझी पाँटियॅकही जनरल मोटर्सचीच. पुढे कॉन्टेसात जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसलं, तर त्या इसुझूतही जनरल मोटर्सने १९७१ सालीच हिस्सा घेतलेला. म्हणजे अंगाकडूनही आणि इंजिनाकडूनही ही तुझ्या जीटीओची चुलत बहीण लागते. एक मिशिगनमध्ये वाढली, दुसरी हुगळीकाठी, इतकाच फरक. घरचंच रक्त असताना बाहेरून इंजिन कशाला आणायचं?

ताकदीचं म्हणशील तर मान्य. १९६४च्या जीटीओत ६.४ लिटर आणि ३२५ घोडे, आमच्यात ८८. पहिल्या कॉन्टेसांत अँबॅसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं, त्यात तर पन्नासच. पण तुमचे ते जुने आकडे इंजिन टेबलावर ठेवून मोजलेले असत, पंखा नाही, सायलेन्सर नाही. १९७२च्या मॉडेलांपासून गाडीत बसलेल्या इंजिनाचे आकडे छापायला लागले आणि कागदावरचे कितीतरी घोडे एका रात्रीत पळाले. ते असो. सात रस्त्यावरून आसरा चौकात जायचं, मध्ये रिक्षा, उसाची ट्रॉली, उलट्या दिशेने येणारा भाजीवाला. तिथे ३२५ घोडे घेऊन मी काय करू? विजापूर वेशीत तर दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोयच नाही.

गाडी ओळखलीस का, ते मात्र तू लिहिलं नाहीस. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या त्या चादरवाल्या कारखानदाराची पांढरी कॉन्टेसा. आपण सायकली मारत शाळेतून यायचो तेव्हा गेटात उभी असायची आणि ड्रायव्हर पिसाऱ्याने पुसत असायचा. तीच. त्यांच्या मुलाला शेडची जागा हवी होती, त्याने भंगाराच्या भावाला थोडा मान लावून दिली. वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मागच्या सीटमध्ये उंदरांनी तीन पिढ्या काढल्या असाव्यात, वास अजून नाकात आहे.

पण गाडी सोलापुरात राहिली हे तिचं नशीब. हीच गाडी रत्नागिरीत किंवा मुंबईत इतकी वर्षं उभी असती तर हात लावल्यावर चुरा झाला असता. आपली कोरडी हवा माणसाला नको होते, पत्र्याला मानवते. चासी ठणठणीत. गंज होता तो पाणी साचतं तिथेच: पुढच्या काचेचं रबर वाळून तडकलेलं, त्यातून पाणी आत, आणि मॅटिंगखालचा फ्लोअर ड्रायव्हरच्या पायाशी चाळण झालेला. मॅटिंग उचलली तर खालची शहाबादी फरशी दिसली.

बाहेरून मात्र गाडी गुळगुळीत होती आणि त्याचाच मला संशय. एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सगळ्या अंगावरून फिरवला. पत्रा असेल तिथे चिकटतो, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असेल तिथे खाली पडतो. डाव्या मागच्या मडगार्डवर तर चुंबक टिकेचना. आमच्या डेंटरने, म्हणजे अशोक चौकातल्या मल्लूअण्णांनी, ग्राइंडर लावला तर अर्धा इंच जाडीची लांबी खपलीसारखी निघाली, खाली जुनी ठोकर तशीच. कुणीतरी पत्रा काढायचे कष्ट वाचवून नुसती भरती केली होती. अण्णा तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला नाही, सूर पुरेसा होता.

अण्णांचं काम बघायला तू हवा होतास. आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचा, फ्लोअरवर बसवून बघायचा, मग त्यावरून पत्रा कापायचा, आतून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, बाहेरून हातोडी. वेल्डिंग एका दमात ओढायचं नाही. इथे एक टाका, मग पार तिकडच्या टोकाला एक, म्हणजे पत्रा तापून वेडावाकडा होत नाही. मी मध्ये घाई केली की म्हणायचे, "सर, बँकेत पण असंच करता का?"

छोट्या भागांचा गंज मी घरीच काढला, आणि ही युक्ती तिकडे कुणाला सांगायची असेल तर नीट सांग. प्लास्टिकच्या निळ्या पिंपात पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा या हिशोबाने धुण्याचा सोडा. गंजलेला भाग तारेने मध्यभागी टांगायचा, भोवती भंगारातल्या लोखंडी पट्ट्या उभ्या करायच्या. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह पट्ट्यांना. उलटं केलंस तर भाग खाल्ला जाईल आणि पट्ट्या चकाकतील. बारीक बुडबुडे यायला लागतात, पाणी हळूहळू नारिंगी होतं, वर घाणेरडा फेस. सकाळी भाग बाहेर काढला की गंजाच्या जागी काळी राप असते, ती तारेच्या ब्रशने नुसती पुसून निघते. खालचा चांगला पत्रा तसूभर झिजत नाही, हे यातलं खरं सुख. मात्र स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. अ‍ॅल्युमिनियमचा भाग तर चुकूनही आत टाकायचा नाही. आणि ते बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून पिंप उघड्या गच्चीवर. बाबा तिथे विडी ओढायला आले तेव्हा आईने त्यांना ज्या शब्दांत खाली पाठवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

इंजिन उघडलं नाही. जो येतो तो म्हणतो, "एवढं करतोय तर बोअर करून घे, नवे पिस्टन टाक." इंजिन उघडायला सगळे टपलेले असतात, बंद कसं होणार याची काळजी कुणाला नसते. मी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग हाताने क्रँक फिरवून बघितला. मोकळा फिरला. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी जवळपास सारखं. मग कशाला हात लावायचा?

पैसे घातले ते थांबण्यात आणि गार राहण्यात. तुम्हा लोकांचं आधी पळवायचं आणि मग थांबवायचा विचार, माझं उलटं. ब्रेकचे सगळे होजपाइप बदलले. जुना होज बाहेरून चांगला दिसतो आणि आतून फुगलेला असतो. पाय दाबला की ऑइल पुढे जातं, सोडला की मागे येत नाही, आणि चाक धरून बसतं. आपल्या उजव्या चाकाचं दुखणं नेमकं तेच होतं. मास्टर सिलिंडरला नवीन किट, मागचे व्हील सिलिंडर नवे. रेडिएटरचा कोअर बदलून घेतला आणि जोडीला एक इलेक्ट्रिक पंखा बसवला. मे महिन्यात पारा ४४ला टेकतो तेव्हा सिग्नलला उभ्या गाडीचा काटा कुठे जातो हे इथल्या माणसालाच ठाऊक. तू सुचवलेला मॅट काळा रंगही याच कारणासाठी बाद. काळ्या गाडीत दुपारी दोन वाजता पार्क चौकात एकदा बसून बघ. गाडी पांढरीच राहणार, आरसीवरही पांढरीच आहे, आरटीओत रंगबदलाचे कागद करायचे वाचले.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते पेट्रोलने. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं थोडं तरी आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असणार. शेतकऱ्याचं भलं होत असेल तर मला आनंदच आहे, पण जुन्या रबराला ते पचत नाही. होज फुगतात, मऊ पडतात, त्यांचा चोथा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे उभ्या गाडीच्या टाकीला पुन्हा गंज. टाकी उतरवून आतून साफ केली. कार्ब्युरेटरचं मिश्रण या पेट्रोलवर पातळ पडतं, म्हणून जेट एक नंबर मोठा टाकला. आता सकाळी चोक ओढला की ठसकत नाही. होजचं मात्र अडलंय. एका ऑनलाइन दुकानाने इथेनॉलला चालतो म्हणून जो पाइप पाठवला तो पंधरवड्यात चिकट झाला. त्यावर पुढे लिहितो.

आता तू म्हणशील, मग यात तुझं स्वतःचं काय? आहे ना. सीट. उंदरांमुळे सगळा फोम फेकावाच लागला. रेक्झिन लावायचं माझ्या जिवावर आलेलं, उन्हात पाठ सोलून निघते. गाडी चादरवाल्याची, गाव चादरीचं, २००५ सालापासून आपल्या चादरीला जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, शिक्का. म्हटलं, सीटचा मधला पट्टा सोलापुरी चादरीचाच घ्यायचा. साखर पेठेतल्या एका जकार्डवाल्याला गाठलं. त्याने आधी मला वेड्यात काढलं, मग स्वतःच रंगला. नेहमीची वीण बुडाखाली टिकणार नाही म्हणून जाड सूत घेतलं, वीण घट्ट केली, मोठ्या फुलाऐवजी बारीक चौकडीचं डिझाइन लावलं. मरून आणि काळा. सीटवाल्याने खाली पातळ फोम शिवून कडेला काळं रेक्झिन दिलं. आई म्हणाली, "चादर अंगावर घ्यायची असते रे, बुडाखाली नाही." आता रोज दुपारी गाडीचं दार उघडं ठेवून तीच मागच्या सीटवर भाजी निवडते.

सस्पेन्शनचे काही बुश बाजारात मिळेनात. ते पॉवरलूमचे पार्ट बनवणाऱ्या लेथवाल्याने नायलॉनमध्ये काढून दिले. बाबांनी मिलच्या वेळचा व्हर्निअर काढून माप घेतलं, एक बुश परत पाठवला, "पाव एमएम ढिला आहे" म्हणून. लेथवाल्याने नवा कातून दिला, वर विचारलं, "काका, अजून कामाला जाता का?" बाबा दिवसभर खूश होते.

कायद्याचंही सांगून ठेवतो, म्हणजे तू तिकडून इंजिनाचे फोटो पाठवणं थांबवशील. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते पुन्हा स्पष्ट केलं. पंधरा वर्षांवरची गाडी, दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग. इन्स्पेक्टर चासी नंबर पेन्सिलने कागदावर घासून घेतो, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो. तिथे व्ही-एट दिसला तर गाडी तिथेच राहील आणि मी रिक्षाने घरी. तसं नसतं तरी मी टाकला नसता, हेही प्रामाणिकपणे लिहितो. ही जशी पळायची तशी पळाली, वेळेवर थांबली आणि गरम झाली नाही, की मला मसल पोहोचलं.

रंगाचं काम अजून व्हायचंय. प्रायमर मारून वॉटर पेपर चालू आहे, माझ्या बोटांचे ठसे गेलेत, बँकेत अंगठा मशीनला लागत नाही. मल्लूअण्णांचा पेंटर संक्रांतीच्या आत गाडी देतो म्हणालाय. पेंटरचा शब्द किती धरायचा ते तू जाणतोस.

तू जानेवारीत गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, येणारच आहेस. अक्षतेच्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही, नंदीध्वजांच्या मार्गावर माणूस उभा राहू शकत नाही तिथे कॉन्टेसा कुठे? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुळजापूरला जाऊन येऊ. घाट आहे, ब्रेकची परीक्षा होईल. चालवायची तूच. फक्त डावीकडून, आणि हॉर्न वाजवायला लाजू नकोस.

आणि मुख्य काम. येताना विटॉनचा, म्हणजे इथेनॉलला दाद न देणाऱ्या रबराचा, फ्युएल होज आण, आतून-बाहेरून पूर्ण विटॉनचा, नुसतं आतून अस्तर असलेला नको. तीन मीटर पुरे. जुन्या पाइपचा तुकडा पट्टीवर ठेवून फोटो काढून पाठवतो, तेच आतलं माप घे. किंमत कळव, नाहीतर कडक भाकरी आणि शेंगाचटणीत वळती करून घे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते नक्की लिही, बाबा रोज विचारतात.

तुझाच,
विन्या