डॉक्टरांची वकिली

सोलापूर,
रविवार रात्र

प्रिय समीर,

काय बे, कॅज्युअल्टीतून सुटलास की नाही? काल भर कोर्टात मी तुझी वकिली केली. कॉलेजच्या मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यात, सेमिनार हॉलमध्ये. तीन टेबलं जोडून वर चादर अंथरली की झालं मुंबई उच्च न्यायालय, कोल्हापूर सर्किट बेंच. (ऑगस्ट 2025 पासून आपल्या जिल्ह्याच्या याचिका तिकडेच. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मुंबई गाठायची वकिलांची कटकट मिटली.)

प्रकरण काल्पनिक. राजस्थानने मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले होते, आठवतं? तसाच महाराष्ट्रात आला असं धरायचं. अपघात, सर्पदंश अशा वेळी आगाऊ पैसे न मागता उपचार करायचे. रुग्णाने बिल भरलं नाही तर सरकार भरपाई देणार. डॉक्टरांची संघटना त्याविरुद्ध घटनेच्या अनुच्छेद 226 खाली, म्हणजे रिट याचिका घेऊन, हायकोर्टात. चिठ्ठी निघाली आणि आम्ही डॉक्टरांकडून! मला सरकारची बाजू हवी होती. आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या मावशींना 'आधी डिपॉझिट' ऐकून दवाखान्याच्या दारातूनच रिक्षा वळवताना पाहिलंय मी.

पण वकीलपत्र घेतलं म्हणजे घेतलं. 1996 चा हकीम शेखचा निकाल काढला. रेल्वेतून पडलेला शेतमजूर. कलकत्त्याच्या सरकारी दवाखान्यांनी एकामागून एक परत पाठवला. सुप्रीम कोर्टाने राज्याला 25,000 रुपये द्यायला लावले आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही असं बजावलं. म्हटलं, माय लॉर्ड, जबाबदारी राज्याची, मग खिसा डॉक्टरांचा का?

बेंचवरच्या ज्येष्ठ वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आणि परमानंद कटारा, काउन्सेल?" तो सुप्रीम कोर्टाचा 1989 चा निकाल. डॉक्टर सरकारी असो की खासगी, जखमीचा जीव वाचवणं आधी, पोलिसांचे कागद नंतर. हा प्रश्न येणार हे ठाऊकच होतं. "कटारात कर्तव्य आहे, माय लॉर्ड. बिल कुणी भरायचं ते नाही."

मग त्यांनी तोफ रेणुकाकडे वळवली, ती सरकारतर्फे होती. भरपाई किती दिवसांत, कायद्यात दाखवा. आम्हाला दिलेल्या काल्पनिक प्रकरणातल्या कायद्यात मुदतच नव्हती. बिचारी इंग्रजीत चाचपडली आणि शेवटी अस्सल मोहोळच्या सुरात म्हणाली, "साहेब, नियम करू की!" हॉल खदखदून हसला. मला मात्र वाटतं, सगळी मेख तिथंच होती. व्यवसायस्वातंत्र्य, घटनेचं कलम 19(1)(जी) वगैरे आमची दहा पानं मला स्वतःलाही पोकळ वाटत होती; सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालता येतात, हे 19(6) मध्ये लिहिलेलंच आहे. पण पैसे कधी येणार ते न सांगता लहान नर्सिंग होमवाल्याला 'उपचार कर' म्हणायचं, तर तो दुसरी वाट शोधणारच. 'आमच्याकडे सोय नाही, सिव्हिलला न्या' म्हणायला काय लागतं?

फेरी आम्ही जिंकली. पुढची पुण्यात, आणि तिथं आम्ही सरकारतर्फे. म्हणून काम सांगतो: रात्री दोनला पैसे नसलेला पेशंट आला की तुमच्याकडे डिपॉझिटचा निर्णय नेमका कोण घेतं? तू, मेट्रन, की काउंटरवरचा माणूस? नाव-गाव नको, पण पद्धत सविस्तर लिही. शुक्रवारपर्यंत मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, द्यायचंय.

काकूंना नमस्कार. शेंगाचटणी पाठवतोय, होस्टेलवर एकट्याने संपवू नकोस.

तुझाच,
प्रशांत